एका चमच्यावर तीन बुरूज, बाकी सगळ्या मालावर दोन: डॅनिश चांदी घेताना सावध

१४,५०० क्रोन. कोपनहेगनमध्ये बारा जणांच्या ‘चांदीच्या’ काट्याचमच्यांचे एवढे पैसे मोजले आणि गळ्यात पडला मुलामा. ४८ नगांपैकी खरी चांदी फक्त वाढायच्या ४ चमच्यांत. धाकट्या बहिणीच्या लग्नात द्यायचा होता हा संच. इथली आपली मंडळी भारतात न्यायला जुनी चांदी शोधत असतील, तर नीट वाचा.

जाहिरातीतला फोटो खोटा नव्हता, संताप त्याचाच जास्त येतो. दांड्यामागे तीन बुरूज, त्यांच्याखाली २७, शेजारी ‘सीएफएच’. तीन बुरूज म्हणजे चांदीच्या शुद्धतेच्या तपासणीचा शिक्का, २७ म्हणजे १९२७, आणि सीएफएच म्हणजे ख्रिस्तियान हाइसे, १९०४ ते १९३२ या काळातले तपासनीस. त्यानंतरच्या मालावर योहानेस सिगार्ड यांचं ‘जेएस’ असतं, हेही मी ताडून पाहिलं होतं. तेव्हा ‘माहिती न काढता कसा गेलास’ असं मला कुणी ऐकवू नये.

भेटल्यावर विक्रेत्याने आधी तोच चमचा हातात दिला, मग एक काटा. काट्यावरही बुरूज होते, पण दोन! शिक्का तांदळाच्या दाण्याएवढा, खाचांत काळं साचलेलं, पार्किंगमधला अंधुक दिवा. बाजूला सुटा ठोकलेला ९०. हे काय, विचारलं तर म्हणाला, १८९०. तो क्षण डोक्यातून जात नाही. खऱ्या शिक्क्यात साल बुरुजांच्या खाली, त्याच चौकटीत असतं. सुटा ९० म्हणजे डझनभर चमचे आणि डझनभर काटे मिळून चढवलेली ९० ग्रॅम चांदी. आणि दोन बुरूज ही तर इथे मुलाम्याचीच खूण! मी पुढे काही विचारणार, तोच त्याने खिशातून लोहचुंबक काढून काट्याला लावलं. चिकटलं नाही. झालं, म्हणे चांदी सिद्ध! अहो, आत जर्मन सिल्व्हर असलं तरी चुंबक चिकटत नाही. तांबं, निकेल आणि जस्तच असतं त्यात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःहून चुंबक काढणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

काट्याची टोकं आणि चमच्याचं पोट, म्हणजे जिथे टेबलाला घासतं तो भाग, आधी बघा. तिथे खालचा पिवळट धातू डोकावतो. मला तो दुसऱ्या दिवशी उजेडात दिसला. सोनाराने खऱ्या चार चमच्यांचे २,१०० क्रोन सांगितले आणि उरलेले ४४ नग मोडीत घ्यायलाही नकार दिला.

पोलिसांत तक्रार केली. उत्तर आलं: माल तुम्ही पाहून घेतलात, हा दिवाणी वाद आहे. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच मंजूर केलेत. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी गेलो तर विक्रेता दुकानदार नाही म्हणून दारातूनच परत. मग खाजगी माणसाने लुबाडलं तर जायचं कुठे? शिक्क्यांचे फोटो, संदेश, पावती, सगळं जोडलं होतं. कुणी उघडून तरी पाहिलं का? एकानेही दोन आणि तीन बुरुजांतला फरक विचारला नाही. ज्या देशात चांदीच्या शिक्क्याचा एवढा दरारा, तिथे त्याच शिक्क्याच्या आडून चाललेली चोरी ही ‘चोरी’ ठरत नाही!

तीन बुरूज, ‘८३० एस’ किंवा ‘९२५ एस’ (हजारात ८३० किंवा ९२५ भाग चांदी) प्रत्येक नगावर शोधा. प्रत्येक. ‘अ‍ॅटला’ दिसलं तर तो कोहर या डॅनिश कारखान्याचा मुलाम्याचा माल. मुलाम्याचाच भाव द्या. भिंग न्या, दिवसा भेटा, विक्रेता घाई करू लागला तर उठून या.

त्याची जाहिरात अजून सुरू आहे, नाव बदलून. फोटो तोच: तीन बुरूज, २७, सीएफएच, आणि दांड्याच्या टोकाला डावीकडे एक आडवा ओरखडा. तो ओरखडा दिसला की पैसे पाठवू नका.