हिंगणघाटच्या उन्हात चालणारा ५५ हजारांचा गेमिंग पीसी

एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, साठवणीला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. मॉनिटर सोडून ५५ हजारांत बसलेला हा पीसी आमच्या घरी एक अख्खा उन्हाळा काढून बसला आहे. गाव हिंगणघाट तालुक्यातलं. दिवसा मी त्यावर लोकांचे पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरते, रात्री धाकटा भाऊ गेम खेळतो. पैसे कापसाचे होते. बाबांनी हातात देताना एवढंच म्हटलं, "एवढ्यात तं एक गोऱ्हा आला असता, पाहून घेजो."

म्हणून आधी भरपूर पाहिलं. जवळच्याच एका दुकानात ३० हजारांत "आय-सेव्हनचा गेमिंग पीसी" दाखवला. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. "ताई, आय-फाइव्हपेक्षा मोठा हाय हा," दुकानदार म्हणाला. मी सेटिंगमध्ये जाऊन नाव वाचलं तर आय-सेव्हन ३७७०, म्हणजे २०१२ चा, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, आणि सोबत जीटी ७३० हे जुनं, कमजोर कार्ड. त्या ७ आकड्याला पिढी पाहिल्याशिवाय काही किंमत नाही. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ वर वॅलोरंट या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या पीसीतल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. गावाकडच्या पोरांना हेच मशीन सगळ्यात जास्त विकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटी नागपूरला सीताबर्डीवर एका दुकानात जोडून घेतला. डबे आमच्यासमोर फोडले, बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहिला. तुम्हीही हा आग्रह धरा, वॉरंटीच्या वेळी तोच कागद लागतो.

आता प्रोसेसर आणि कार्डाच्या तोलाबद्दल. गेममध्ये प्रत्येक फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राची, तयारी प्रोसेसर करतो आणि ती रंगवतं कार्ड. दोघांतला जो हळू, त्याच्या वेगानं गेम चालतो. भावाचा जीव आरटीएक्स ४०६० मध्ये अडकला होता. ते कार्ड चांगलंच आहे, पण वरचे पैसे एसएमपीएस आणि एसएसडीतून कापावे लागले असते. आमचा मॉनिटर १०८०पी, १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम दाखवणारा. त्याला ६६०० पुरतं. सायबरपंक २०७७ हा गेम लावला की आफ्टरबर्नर या मोजणाऱ्या ॲपमध्ये कार्डाचा वापर ९७-९८ टक्के दिसतो आणि प्रोसेसरला अजून जागा असते, मध्यम-उच्च सेटिंगवर सेकंदाला ६० च्या आसपास फ्रेम मिळतात. वॅलोरंटमध्ये उलटं, तिथे कार्ड आरामात आणि ओढ सगळी प्रोसेसरवर, तरी फ्रेम १०० च्या बऱ्याच वर. मला हवा होता तो तोल हाच.

५६०० ऐवजी ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) घेऊ नका, जर कार्ड लगेच घेणार असाल तर. त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६०० ची ३२. बोर्ड बी४५० घेतला असता तर थोडे पैसे वाचले असते, पण ६६०० कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) आठच लेन वापरतं, त्यामुळे त्याला चौथ्या पिढीचा स्लॉट मिळालेला बरा. तो बी५५० वर आहे.

रॅम ८-८ च्या दोन पट्ट्याच घ्या, १६ ची एक नको. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. घरी आणून पाहिलं तर ३२०० ची रॅम २६६६ वर चालत होती. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू केलं तेव्हा ३२०० दिसले. आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला लावली तर पडदा काळाच राहतो.

सगळ्यात जास्त मी भांडले ते एसएमपीएससाठी. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ वॅटचं, म्हणून दुकानातला पोरगा म्हणाला, साधा ४५० वॅटचा चालेल. पण आमच्याकडे व्होल्टेज कधी पडतं, कधी चढतं, आणि लाइट गेली की येताना झटका देऊन येते. ८० प्लस ब्रॉन्झचा (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घेतला आणि १००० व्हीएचा यूपीएस लावला. घरच्या इन्व्हर्टरवरच चालवायचा असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाता जाता पीसी रिस्टार्ट होतो.

मग मे आला. बाहेर ४५, खोलीत कुलर लावूनही ३६-३७. प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या कुलरनं दुपारी गेम चालवला की तापमान ८५ च्या वर जायचं, या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे. प्रोसेसरवर दीड हजारांचा टॉवर कुलर बसवला आणि सत्तरीत आलं. विदर्भात हा खर्च पहिल्याच दिवशी धरा. दुपारी गेमच्या फ्रेम ६० ला बांधून ठेवल्या तरी कार्ड बरंच थंड राहतं. कॅबिनेट समोरून जाळीचंच हवं, काचेचं नको. जिनिंगच्या दिवसांत समोरची जाळी काढली तर तिच्यावर रुईचा पांढरा पातळ थर असतो. मी ती दर रविवारी ब्रशनं झाडते.

उणिवा आहेत. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवणं) या कार्डाच्या आवाक्यातलं नाही, आणि नव्या मोठ्या गेममध्ये कार्डाची ८ जीबी मेमरी भरते, मग टेक्स्चर (वस्तूंवरच्या बारकाव्यांची) सेटिंग एक पायरी खाली आणावं लागतं. पुढे प्रोसेसर वाढवायचा झाला तर याच एएम४ सॉकेटच्या बोर्डावर जास्त वेगवान ५७००एक्स३डी बसतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

हातात ३५ हजारच असतील तर जुन्या आय-सेव्हनच्या नादी लागू नका. ५६००जी घेऊन कार्डाशिवाय सुरुवात करा, वॅलोरंट त्यावर चालतो. फक्त एसएमपीएस तेव्हाच ५५० चा घ्या, म्हणजे पुढच्या हंगामात कार्ड घ्याल तेव्हा नुसतं बसवायचं राहील.