इनामगाव ते कार्ले: बौद्ध परिचयाचा शनिवार-रविवारचा वर्ग

पुण्यात बौद्ध धम्माची ओळख करून देणारे वर्ग बरेच निघतात आणि बहुतेकांची सुरुवात लुंबिनीपासून होते. राजपुत्र, चार दृश्यं, गृहत्याग, बोधिवृक्ष. शहरातला एक छोटा अभ्यासगट शनिवार-रविवार जो वर्ग घेतो, त्याची सुरुवात मात्र शिरूर तालुक्यातल्या इनामगावापासून होते. एवढ्या एका निर्णयासाठीसुद्धा हा वर्ग करण्याजोगा आहे. फी ९०० रुपये. त्यात १६ पानांचं टिपण आणि रविवारचा मळवलीपासूनचा रिक्षाखर्च धरलेला आहे. लोकलचं तिकीट आणि लेण्यांचं प्रवेशशुल्क ज्याचं त्याने काढायचं. शनिवारी पाच तासांची बैठक, रविवारी भाजे आणि कार्ले इथली लेणी.

शनिवारचे पहिले दोन तास उत्तम आहेत. घोड नदीकाठच्या इनामगावात इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती आणि तिथलं उत्खनन डेक्कन कॉलेजने केलं. लहान मूल गेलं की दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यांत ते घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांना आडवं पुरताना पावलं घोट्यापासून तोडलेली आढळतात. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, ही भीती त्यामागे असावी असं मानलं जातं. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी, स्त्रीमूर्ती आणि बैल सापडला. मूर्तींपैकी एकीला डोकं नाही आणि ती काडीने बैलाच्या पाठीवर बसवता येते. मृतांची धास्ती, आईसारखी देवी, जनावराशी जोडलेलं दैवत: बुद्धाच्या आधी माणूस काय मानत होता हे पुणे जिल्ह्याच्याच मातीतून दाखवता येतं आणि हा वर्ग ते दाखवतो. फक्त सगळं पडद्यावरच्या चित्रांत उरकतात. इनामगावच्या वस्तू डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. उघडण्याचे वार विचारून वर्गाआधी एक चक्कर मारलीत तर हे दोन तास दुप्पट कामाचे ठरतील.

पुढचा भाग यज्ञ, यक्ष, नाग आणि वृक्ष यांचा. बुद्धाने आधीच्या श्रद्धांपैकी काय ठेवलं आणि काय नाकारलं, हा खरा प्रश्न इथे नीट मांडला जातो. बुद्धाला खीर देणारी सुजाता ती घेऊन गेली होती झाडाच्या देवाला केलेला नवस फेडायला. मुचलिंद नागाने पावसात बुद्धावर फणा धरला. म्हणजे झाड आणि नाग राहिले, पण पूजकाच्या जागी. यज्ञाबद्दल दीघनिकाय या पाली ग्रंथातलं कूटदन्त सुत्त (प्रवचन) वाचून दाखवतात आणि ही निवड अचूक आहे. कूटदन्त ब्राह्मणाने ७०० बैल आणि तितकेच बोकड, एडके वगैरे खांबाशी आणून उभे केलेले असतात. बुद्ध त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगतो. राज्यात लूटमार माजली असताना पुरोहित सल्ला देतो की शेतकऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. मग यज्ञ होतो तो तूप, तेल, दही, मध यांचा; एकही जनावर मरत नाही. सुत्त सावकाश, मधे थांबत वाचलं जातं. ऐकणाऱ्यांना बुद्धाची पद्धत त्यातूनच समजते: शब्द जुना ठेवायचा आणि आतला अर्थ बदलायचा.

यानंतर वर्ग घसरतो. चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग, प्रतीत्यसमुत्पाद (सगळं कारणांवर अवलंबून घडतं) आणि अनात्म (कायमचा आत्मा नाही) हे सगळं शेवटच्या दीड तासात कोंबलं आहे. चार सत्यं यादीसारखी सांगितली की ती चार विधानं वाटतात. पहिल्या प्रवचनात मात्र प्रत्येक सत्याबरोबर एक काम दिलेलं आहे: दुःख पूर्ण ओळखायचं, तृष्णा सोडायची, दुःखाचा निरोध, म्हणजे शेवट, स्वतः अनुभवायचा, मार्ग वाढवत न्यायचा. हे न सांगितल्यामुळेच ‘म्हणजे सगळं दुःखच का?’ हा प्रश्न येतो आणि चर्चा तिथेच अडकून बसते. आठ अंगांचंही तसंच. टिपणात ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी काढली आहेत, जणू सम्यक दृष्टी संपली की सम्यक संकल्प सुरू. ती एकत्र चालतात. सम्यक वाचा, कर्मान्त आणि आजीविका ही शीलाची, व्यायाम, स्मृती आणि समाधी ही समाधीची, दृष्टी आणि संकल्प ही प्रज्ञेची अंगं; तीन गटांत मांडली असती तर दहा मिनिटांत समजली असती. अनात्माला तर जेमतेम पाच मिनिटं मिळतात. आधीच्या श्रद्धांपासून बुद्ध सर्वांत जास्त दूर जातो तो याच ठिकाणी, त्यामुळे ही कसर फार जाणवते. इनामगावचे दोन तास तसेच ठेवून हा भाग तिसऱ्या दिवशी घ्यावा, हे संयोजकांना मनापासून सुचवावंसं वाटतं.

रविवारचा क्रम मात्र विचारपूर्वक लावला आहे. सकाळच्या लोणावळा लोकलने मळवली, आधी भाजे, दुपारी कार्ले. दोन्ही चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली पूजेची दालनं, पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी डोंगराची सावली पडते म्हणून भाज्याची चढण सोपी जाते आणि दुपारनंतर कार्ल्याच्या मोठ्या गवाक्षातून उजेड आत येतो. काळाचा क्रमही तोच आहे: भाजे साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, कार्ल्याचं चैत्यगृह त्यानंतरचं.

भाज्याला २७ अष्टकोनी खांब आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा सोसायला खांब तिरके रोवत. दगडात गरज नसतानाही कारागिराने ती सवय तशीच उतरवली. छताच्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, दर्शनी लाकूडकाम गेलं आणि त्याच्या खाचा राहिल्या. हे समजावताना प्रत्येकाला खाच दाखवतात, हात मात्र लावू देत नाहीत, हे चांगलं. स्तूपाची ओळख खालून वर करावी: गोल बैठक म्हणजे मेधी, तिच्यावर अंड, त्यावर चौकोनी कठड्याची हर्मिका, मग यष्टी आणि छत्र. टिपणातल्या आकृतीत हर्मिकेलाच छत्र म्हटलं आहे, ते दुरुस्त करून घ्या. भाज्याच्या स्तूपावर छत्र उरलेलं नाही, कार्ल्याला लाकडी छत्र आजही आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहण्याचा हा सरळ फायदा. भाज्याच्या चैत्यगृहाजवळच १४ छोटे स्तूप आहेत आणि काहींवर दिवंगत भिक्खूंची नावं कोरली आहेत. इनामगावचा घराखालचा मृत आणि इथला नावानिशी उभा केलेला मृत, या दोन गोष्टी मार्गदर्शकाने शेजारी ठेवल्या, तो दिवसाचा सर्वांत मोलाचा क्षण होता. मृतांविषयीची जुनी ओढ तशीच आहे, पण धास्तीच्या जागी आदर आला आहे.

भाज्याच्याच १९ क्रमांकाच्या लेण्यातली रथ आणि हत्तीची शिल्पं सूर्य आणि इंद्र म्हणून ठामपणे सांगतात. यावर वाद आहे. काही अभ्यासकांना त्यात मांधाता या पौराणिक राजाची कथा दिसते. निदान दोन्ही मतं सांगायला हवीत.

कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब, भारतातलं सर्वांत मोठं. दोन्ही बाजूंना १५-१५ घडवलेले खांब, स्तूपामागे सात साधे. इथे वेळ शिलालेखांना दिला जातो आणि तो योग्यच. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, सेठी (श्रेष्ठी, व्यापारी) भूतपाल या लेण्याला जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, उत्तम म्हणतो. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, खांब दिले. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात वलूरकाच्या (कार्ल्याचं जुनं नाव) लेण्यांत वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या भिक्खूंसाठी करजिक गाव देतो. मठ कशावर चालत होता, याचं उत्तर या ओळींत आहे. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतरच्या. मूळ चैत्यात बुद्ध स्तूपाच्या रूपातच आहे. पाचवीतल्या मुलालाही समजेल इतक्या सोप्या भाषेत हा फरक सांगितला.

चैत्याच्या अगदी समोर एकवीरा आईचं देऊळ आहे. अनेक सहली ते अडथळा समजून टाळतात, हा वर्ग तिथे थांबतो. पुण्याचे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवलं की जुन्या वाटा, मातृदेवतांची ठाणी आणि बौद्ध लेणी या भागात एकमेकांना धरून आहेत. कोळी बांधवांची आई आणि भिक्खूंचा स्तूप एकाच कड्यावर असणं हा योगायोग नाही, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

एक उणीव सहज भरता येईल. लोकल देहूरोडवरून जाते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. वर्गाला येणाऱ्यांत घरात रोज त्रिशरण-पंचशील म्हणणारे अनेक असतात. त्यांचा धम्म दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर येऊन थांबवणं बरं नाही.

जाणाऱ्यांसाठी: भाज्याला आत अंधार असतो, विजेरी न्या. माणशी दोन लिटर पाणी लागतंच. मळवलीहून परतीच्या गाड्या दुपारी विरळ असतात, त्यामुळे वेळापत्रक आधीच पाहा. पावसाळ्यातली तुकडी घेऊ नका. भाज्याला धबधब्याची गर्दी होते आणि पायऱ्या निसरड्या होतात. चैत्री यात्रा आणि नवरात्रात कार्ल्याला शिलालेखासमोर दोन मिनिटं उभं राहणंही अवघड असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली तुकडी मिळाली तर जरूर घ्या.