आल्याची बिअर: पाकिटातलं यीस्ट की घरचं विरजण?

बार्ली आणि हॉप्सची खरी बिअर घरी करायचा बेत असेल, तर आधीच सांगतो: महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. ‘विकत नाही, घरच्या घरी पितो’ म्हणून सुटका होत नाही. माझी हौस त्यामुळंच आल्याच्या बिअरवर येऊन थांबली. नावाला बिअर, पण एक-दोन दिवस फसफसवून थेट फ्रिजमध्ये टाकायची. ती आंबवायची कशानं, एवढाच काय तो प्रश्न.

काढा दोन्हीकडं सारखाच. 2 लिटर पाणी, 100 ग्रॅम किसलेलं आलं आणि 200 ग्रॅम गूळ उकळायचं, गाळायचं, पुरतं कोमट झालं की दोन लिंबं पिळायची.

यीस्टचं काम सरळ आहे. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात पावाचं कोरडं यीस्ट मिळतं. 2 लिटरला पाव चमच्याच्याही निम्मं पुरतं. जास्त टाकलंत तर बाटलीभर बेकरीचा वास. एप्रिलमध्ये कोल्हापुरात सकाळी भरलेली बाटली रात्रीपर्यंत टणक होते. चव मात्र एकसुरी लागते: आलं, गोडवा, गॅस, आणि तळाशी पांढरा गाळ.

विरजणाला धीर लागतो. हे दह्याचं नव्हे, आलं-साखरेचं विरजण. बरणीत 2 कप उकळून गार केलेलं पाणी, 2 चमचे आलं आणि 2 चमचे साखर घालायची, तोंडाला फडकं बांधायचं. रोज पुन्हा आलं-साखर चमचा चमचा घालून ढवळायचं. आलं सालासकट किसा, कारण रानटी यीस्ट सालीवरच असतं. पाच ते सात दिवसांत कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. मग 2 लिटर काढ्याला अर्धी वाटी विरजण. त्यात दह्यासारखे जिवाणूही असतात, म्हणून हलकी आंबट झाक येते आणि आल्याचा झणका जास्त जाणवतो. चवीत विरजण सरस, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. आई फक्त एवढंच म्हणते, “त्या बरणीवर झाकण लावून फ्रिजात ठेव बाबा, माझ्या दह्याला वास लागतोय.”

पण विरजण रुसतं. माझी पहिली बरणी आठ दिवस नुसती बघत बसली. मी नळाचं क्लोरीनवालं पाणी तसंच ओतलं होतं. दुसरी गुळानं घालवली असावी. कोल्हापुरात राहून साखर कशाला, म्हणून मी विरजणालाही गूळच घालत होतो, आणि तोही दिसायला छान, पिवळाधमक. रंग उजळावा म्हणून अशा गुळात बऱ्याचदा हायड्रॉस पावडर पडते. तिच्यातून येणारा गंधकाचा अंश रानटी यीस्टला मानवत नाही. पाकिटातलं यीस्ट त्यापुढं बरंच चिवट. आता विरजणाला साखर, आणि काढ्याला गुऱ्हाळावरून आणलेला काळपट गूळ. त्यानं पेयाला जी खमंग, किंचित खारट चव येते ती साखरेला येणार नाही.

बाटलीच्या बाबतीत मात्र दोघांनाही एकच नियम: प्लॅस्टिकची सोड्याची बाटली, वर चार बोटं जागा सोडून भरलेली. अंगठ्यानं दाबून बघायची, दबत नसेल तर लगेच फ्रिज. मी एकदा यीस्टची बिअर सरबताच्या काचेच्या बाटलीत बूच घट्ट करून ठेवली. रात्री दोन वाजता सिलिंडरच गेला, असं वाटून सगळे उठले. काचा धान्याच्या डब्यामागून दोन दिवस निघत होत्या. हा धोका यीस्टला जास्त, कारण त्याचा वेग जास्त.

बाटली बाहेर विसरणं दुसऱ्याही एका कारणानं घातक आहे. लिटरमागं साधारण 17 ग्रॅम साखर पूर्ण आंबली की 1 टक्का अल्कोहोल होतं. आपल्या काढ्यात लिटरमागं 100 ग्रॅम गूळ आहे, म्हणजे सगळा आंबला तर ती आल्याची खरीखुरी दारूच! फ्रिजमध्येही आंबणं सावकाश चालूच असतं. चार दिवसांत संपवा. थोडा अंश सुरुवातीपासून असतोच, म्हणून आमच्याकडं पोरांना साधं लिंबू सरबत.

रविवारी पाहुणे आहेत आणि आज शुक्रवार, तर पाकीट आणा, काचेला हात लावू नका. ज्यांच्या ओट्यावर रोज दही लागतं त्यांनी विरजणच धरावं. आठवड्याला एकदा खाऊ घातलं की फ्रिजमध्ये ते महिनोन् महिने टिकतं. पावसाळ्यात मात्र बाटलीच्या दोन दिवसांचे चार होतात, आणि तोवर अंगठा रोज दाबावाच लागतो.