क्रिसोस्टमचे सहा खंड : घ्यावेत का, आणि घेतलेच तर कुठून उघडावेत

जॉन क्रिसोस्टम हे चौथ्या शतकातले, ग्रीकमधून बोलणारे नामवंत ख्रिस्ती प्रवचनकार. त्यांची प्रवचने इंग्रजीतून वाचायची म्हटली की बहुतेकांच्या हाती फिलिप शाफ संपादित ‘नायसिन अँड पोस्ट-नायसिन फादर्स’ हीच प्राचीन चर्चपित्यांच्या लेखनाची मालिका पडते. पहिल्या मालिकेतले खंड 9 ते 14 क्रिसोस्टमचे. भाषांतरे एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळे मजकूर ‘सीसीईएल’ आणि ‘न्यू अ‍ॅडव्हेंट’ या संकेतस्थळांवर फुकट आहे. न्यू अ‍ॅडव्हेंटवर बहुतेक टिपा गाळल्यात. अभ्यासाला सीसीईएलच बरे. छापील पानावर दोन स्तंभ, बारीक टाइप आणि ‘thou-thee’ची जुनी इंग्रजी. सलग दहा पाने वाचली की डोळे शिणतात.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. नवव्या खंडाच्या शेवटी ‘पुतळ्यांविषयी’ 21 प्रवचने आहेत, तिथून घुसावे. 387 साली नव्या करावरून अंत्युखियात दंगल उसळली आणि लोकांनी सम्राट थिओडोसियस व त्याच्या घरच्यांचे पुतळे पाडले. वृद्ध बिशप फ्लाव्हियान दयेची याचना करायला कॉन्स्टँटिनोपलला निघाले आणि मागे शिक्षेच्या धास्तीने अर्धमेल्या झालेल्या शहराला धीर देण्याचे काम तिथले धर्मगुरू क्रिसोस्टम यांच्यावर आले. यातले पहिले प्रवचन मात्र दंगलीच्या आधीचे. ते लांबलचक आहे, पौलाने तीमथ्याला घ्यायला सांगितलेल्या थोड्या द्राक्षारसाभोवती फिरते, आणि तिथेच पुष्कळ वाचक गळतात. दुसऱ्यापासून वाचा. शपथा घेऊ नका हा उपदेश प्रवचनामागून प्रवचनात येतो. तो छापखान्याचा घोळ नव्हे, सवय मोडेपर्यंत विषय सोडायचा नाही ही त्यांची रीत आहे. याच खंडात युत्रोपियसवरचे प्रवचनही आहे. चर्चमध्ये आश्रय घेण्याचा हक्क ज्याने आवळला, तोच सत्ताधीश 399 साली पदच्युत होऊन वेदीला बिलगलेला, आणि क्रिसोस्टम गर्दीला सांगताहेत, बघा!

दहावा खंड मत्तयावरच्या 90 प्रवचनांचा, आणि एकच विकत घ्यायचा तर हाच. प्रत्येक प्रवचनाचे दोन भाग: आधी वचनामागून वचन उलगडत जायचे, मग आचाराचा उपदेश. घाईतले वाचक फक्त उत्तरार्ध वाचतात आणि सांधा हुकतो. 50वे प्रवचन पाहा. येशू पाण्यावरून चालतात, मग रोगी त्यांच्या वस्त्राच्या काठाला शिवतात. क्रिसोस्टम म्हणतात, आपल्याला नुसता काठ नाही, प्रभुभोजनाच्या मेजावर अख्खे शरीर मिळते. तिथून ते वळतात ते थेट दाराबाहेर कुडकुडणाऱ्या माणसाकडे: आत रेशमी वस्त्रे, सोन्याचा प्याला, दिव्यांना चांदीच्या साखळ्या, आणि तोच ख्रिस्त बाहेर उपाशी, उघडा. आधी त्याला जेवू घाला, उरले तर मेज सजवा. पूर्वार्ध गाळला तर हे नुसते दानधर्माचे भाषण उरते.

अकराव्या खंडातली प्रेषितांच्या कृत्यांवरची 55 प्रवचने खडबडीत आहेत. लघुलेखकांची टिपणे पुरती हात न फिरवताच पुढे आली असावीत असे जागोजागी वाटते. भाषांतरकारांनी वाक्यांचा क्रम बदलून कंसात अक्षरे घातली आहेत. ती हस्तलिखितातला मूळ क्रम दाखवतात, मुद्द्यांचे क्रमांक नव्हेत. शिवाय तेच वचन एकाच प्रवचनात दोनदा समजावलेले दिसेल. दुसऱ्या फेरीपासून वाचायला लागलात तरी फारसे बिघडत नाही. चौदाव्या खंडातली इब्री पत्रावरची 34 प्रवचनेही त्यांच्या मृत्यूनंतर टिपणांवरून सिद्ध झालेली. बारावा (करिंथ) आणि तेरावा (गलती ते फिलेमोन) गरजेपुरते चाळावेत.

मराठी बायबल शेजारी असू द्या, पण जुन्या करारातले उतारे शब्दशः जुळायची अपेक्षा नको. क्रिसोस्टम सेप्टुआजिंट, म्हणजे जुन्या कराराचे प्राचीन ग्रीक भाषांतर, वापरतात, आपली भाषांतरे हिब्रूवरून झालेली. ग्रीक पाठात स्तोत्रांचे क्रमांकही बऱ्याच ठिकाणी एकाने मागे असतात, म्हणून संदर्भ हुकला तर पुढचे स्तोत्र पाहावे.

काय नाही, हेही पाहून घ्या. उत्पत्तीवरची 67 प्रवचने या संचात नाहीत. श्रीमंत माणूस आणि लाजर यांवरची प्रवचनेही नाहीत. ती हवी असतील तर सेंट व्लादिमिर्स सेमिनरी प्रेसचे, कॅथरिन रॉथ यांनी भाषांतर केलेले ‘ऑन वेल्थ अँड पॉव्हर्टी’ घ्या. छोटेखानी पुस्तक, भाषा आजची. नवख्याने सहा खंडांना हात लावण्याआधी हेच वाचावे. यहुद्यांविरुद्धची आठ प्रवचनेही इथे सापडणार नाहीत. रोख यहुदी सण पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर असला तरी भाषा विषारी आहे, आणि पुढे नाझींनी ती वापरली. क्रिसोस्टमचे कौतुक करणाऱ्याने तीही वाचलेली असावीत.

विकत घेताना कण्यावर ‘फर्स्ट सिरीज’ लिहिलेले आहे ना, हे तपासा. दुसऱ्या मालिकेचेही 14 खंडच आहेत, आणि तिच्या नवव्या खंडात जॉन आहे तो दमास्कसचा.