वेसनॉथ, आठ महिन्यांनंतर: नशिबाला शिव्या घालून झाल्या, आता खरं गाऱ्हाणं

जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली होती, तेव्हाची गोष्ट. यात्रेतून परत आल्यावर भाच्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ नावाचा लढाईचा खेळ टाकला. “मामा, फुकट आहे, नेट लागत नाही आणि तुमचं डबडं तापणार नाही.” पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या. डबडं तापतंच, पण सोलापुरात एप्रिलनंतर काय तापत नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली हा खेळ आणला आणि पुढं हौशी लोकांनी तो वाढवला. एल्फ (जंगलात राहणारे), ऑर्क (रानटी, राक्षसासारखे), भुतंखेतं, ड्रेक (आग ओकणारे) असल्या फौजा, एकाआड एक चाली, षटकोनी घरांचा नकाशा. एकाच लॅपटॉपवर दोघांना आळीपाळीनं खेळता येतं. आम्ही बहुतेक तसंच खेळतो, रात्री गच्चीवर, शेंगा खात.

मी टॉवेल-चादरींची डिझाइनं काढतो. दिवसभर डोळ्यांपुढं चौकटींचा ग्राफ असतो, त्यामुळं हा षटकोन पहिल्या दिवशीच आवडला. चौकटीत तिरकं गेलं की अंतर सुमारे १.४ पट होतं आणि खेळ बनवणाऱ्याला तिथं काहीतरी जुगाड करावा लागतो. षटकोनाला शेजारी सहा आणि सहाही सारख्याच अंतरावर. शिवाय शत्रूच्या लगतच्या घरात पाय टाकला की चाल तिथंच संपते. त्यामुळं दोन शिपायांमध्ये दोन घरं मोकळी सोडली तरी कुणी सरळ आरपार जात नाही. दहा शिपायांचं काम पाच-सहांत होतं. एवढ्या साध्या नियमातून एवढी मोठी भिंत उभी राहते, हे कळायला मला महिना लागला. कळल्यावर मात्र हरणं निम्म्यावर आलं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे दिवस-रात्र. माणसांच्या फौजेतले बहुतेक जण सकाळी-दुपारी २५ टक्के जास्त जोरानं मारतात आणि रात्री तेवढेच ढिले पडतात. ऑर्कांचं उलटं. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी दोनला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि इथं माणसं नेमकी तेव्हाच चढाई करतात, हे पचायला जरा जड गेलं. पण त्यामुळं प्रत्येक डावाला आपोआप भरती-ओहोटी येते. कधी पुढं जायचं आणि कधी गुमान मागं सरायचं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता नशीब. या खेळावर सगळ्यात जास्त ओरड त्याचीच होते आणि मीही चार महिने तीच केली. एक डाव सांगतो. ऑर्कांचा एक ग्रंट, म्हणजे त्यांचा साधा शिपाई, उथळ पाण्यात अडकलेला, जीव उरलेला १०. पाण्यात त्याचा बचाव फक्त २० टक्के, म्हणजे माझा प्रत्येक वार लागायची शक्यता ८० टक्के. वेळ संध्याकाळची, त्यामुळं कुणालाच फायदा नाही. माझा भालेवाला ७ च्या जोरानं तीन वार करणार, दोन लागले की काम झालं. हल्ल्याआधी हिशोबाची खिडकी उघडून पाहिली, जवळजवळ ९० टक्के खात्री. मारला. तिन्ही वार हुकले. पुढच्या चालीला रात्र, ग्रंट पाण्याबाहेर आला, माझं गाव घेतलं आणि तिथं बसून जखमा भरायला लागला. समोरचा मित्र हसून लोळायचा बाकी होता. “काय बे, भाल्याला टोक बसवलंस का नाही?”

तीन दिवस मी खेळ उघडला नाही. मग कागद घेऊन बसलो. तिन्ही वार हुकायची शक्यता १२५ मध्ये १. एका मोहिमेत शेकडो झटापटी होतात, मग ती वेळ कधीतरी येणारच ना? चूक माझी होती. त्या भालेवाल्याच्या मागं दुसरा माणूसच ठेवला नव्हता, सगळा डाव एका घरावर लावलेला. खेळानं आकडा आधी दाखवला होता, लपवलं काहीच नव्हतं. ज्यांना तरीही नको वाटतं त्यांच्यासाठी मल्टिप्लेअरच्या सेटिंगमध्ये नशिबाचा भाग कमी करणारा पर्याय आहे. आम्ही वापरून पाहिला. डाव कोरडा झाला, परत जुन्यावर आलो.

माझं खरं गाऱ्हाणं अनुभवाच्या गुणांबद्दल आहे, म्हणजे जे साठले की शिपाई वरच्या पातळीवर चढतो ते. लढलं की समोरच्याची जेवढी पातळी तेवढे गुण, म्हणजे बहुतेक वेळा १. शेवटचा घाव घालून मारलं तर पातळीच्या ८ पट. आणि जखमा भरण्याला? शून्य. एल्फांची शामन, म्हणजे त्यांची वैदू बाई, दर फेरीला शेजारच्या सगळ्यांचा जीव ४-४ नं वाढवते, शत्रूला मंद करून त्याचा मार निम्मा करते. आख्खी फौज तिच्यामुळं उभी असते आणि ती मात्र होती तिथंच. तिचा स्वतःचा मार ३ चे दोन वार! तिला वर चढवायचं तर बाकीच्यांनी ऑर्कला मारत मारत जीव ३ वर आणायचा, थांबायचं आणि मग बाईंना पुढं बोलवायचं. लहान लेकराला घास भरवावा तसं. त्यात मध्येच एखादा तिरंदाज जास्तीचा वार लावून ऑर्कला मारूनच टाकतो, आणि आपल्याच माणसाचा राग येतो. ज्या खेळात आपल्या शिपायाचा नेम लागला म्हणून वाईट वाटतं, तिथं नियमात काहीतरी गडबड आहे असं माझं मत.

भाचा म्हणाला, “मग बदलू की मामा.” या खेळाच्या फायली साध्या मजकुराच्या असतात, कुणीही उघडून बदलू शकतं. त्यानं नियम घातला: एकाची जखम भरली की १ गुण. पहिल्याच रविवारी त्याचा बोऱ्या वाजला. मित्रानं चार जखमी शिपाई शामनभोवती बसवले आणि हलायलाच तयार नाही. बरे होत आले की एकेकाला मुद्दाम मार खायला पाठवायचा आणि परत बोलवायचा. तासभर नुसता दवाखाना चालला.

दुसऱ्या खेपेला अट घातली: जखमी शिपाई आधीच्या फेरीत स्वतः हल्ला करून आलेला असेल तरच गुण. हे जमलं. शामन आता फळीच्या मागं-मागं पुढं सरकते, कारण लढणारे पुढं आहेत. गेल्या महिन्यात एकही बळी न घेता ती ड्रुइड, म्हणजे वरच्या पातळीची वैदू, झाली, तेव्हा मी मुद्दाम खेळ थांबवून चहा सांगितला.

  

पण ऑर्कांकडून खेळणारा मित्र आता अडून बसलाय. त्याचं म्हणणं, ऑर्कांकडं वैद्यच नाही, त्यांच्या फौजेतले ट्रोल नावाचे राक्षस काय ते स्वतःपुरते बरे होतात. मग हा नियम म्हणजे एल्फांना फुकटचं बक्षीस. मुद्दा बरोबर आहे, आणि तोच मला खटकतोय. खेळात शिपाई सोन्याच्या नाण्यांनी विकत घ्यावे लागतात; बदल्यात त्याला ग्रंट १२ ऐवजी ११ नाण्यांत पाहिजे. मी म्हटलं, ग्रंट आधीच स्वस्त आहे, एक नाणं कमी केलं तर तू पाचव्या फेरीपर्यंत गच्ची भरून टाकशील. भाचा म्हणतो, दोन डाव खेळून बघू. रविवारी बसतोय.