लोहा ओळीजवळचं सेफ्टीचं दुकान: पवनचक्कीवर पहिल्यांदा चढणाऱ्यांनी इथे जावं

नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीच्या बाजूच्या गल्लीत एक अरुंद, पण आत खोलवर गेलेलं दुकान आहे. पाटीवर ‘इंडस्ट्रियल सेफ्टी गुड्स’ एवढंच ठळक वाचता येतं, बाकीचा रंग उडाला आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांचे स्टोअरवाले इथून हेल्मेट, बूट, हातमोजे ठोकात नेतात. मी मात्र हे लिहिते आहे ते आयटीआय करून पवनचक्कीच्या साइटवर ट्रेनी टेक्निशियन म्हणून निघालेल्या नागपूरच्या पोरापोरींसाठी. फुल बॉडी हार्नेस, म्हणजे पडताना अंगाला धरणारा खांदे-छाती-मांड्यांचा पट्ट्यांचा साज, स्वतः घ्यायची वेळ आली तर इथूनच घ्या. इथे तो अंगावर चढवून, हुकाला लटकून पाहता येतो. दुसऱ्या कुठल्याही दुकानात मला कुणी असं करू दिलेलं नाही.

आपल्या शहरात वीज म्हटलं की कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीज केंद्रं. आयटीआयमध्ये सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. पवनचक्क्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला: साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर, सांगलीत ढालगावकडे, धुळ्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला. त्यामुळे घरात, मोहल्ल्यात, अगदी शिकवणाऱ्या सरांमध्येही टॉवर चढलेलं माणूस सापडत नाही. ऑफर लेटर हातात पडतं आणि सोबत काय न्यायचं हे सांगणारं कुणी नसतं. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडची. धुळ्याकडच्या एका साइटवर ठेकेदारामार्फत लागले.

सेफ्टीचं सामान देणं हे मालकाचं काम आहे आणि ते आधी मागायचंच. मी मागितलं, मिळालंही. पण ठेकेदाराच्या पेटीतले सगळे हार्नेस एकाच मापाचे, धिप्पाड माणसाला बसतील असे. माझी उंची पाच फुटांच्या जराशी वर, वजन पन्नासच्या आत. सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी मांडीचे सैल राहायचे आणि छातीचा पट्टा गळ्याकडे सरकायचा. साइट इंजिनिअरनी मला त्यात चढू दिलं नाही, आणि त्यांचं अगदी बरोबर होतं. ठेकेदार लहान माप मागवतो म्हणाला, ते काही आलं नाही. तोवर मी खालीच: पॅनेल, रजिस्टर, ट्रान्सफॉर्मर यार्डाची साफसफाई. सोबतची पोरं वर जाऊन ग्रीसिंग, बोल्टचं टॉर्किंग (ठरलेल्या जोराने आवळणं) शिकत होती. टेक्निशियन म्हणून लागायचं आणि मशीन रोज खालूनच पाहायचं, हे मला सहन होईना. म्हणून सुटीत घरी आले तेव्हा स्वतःचा हार्नेस घ्यायचं ठरवलं.

काउंटरवर साठीच्या पुढचे काका बसले होते. “भावासाठी पाह्यजे का पोरी?”

“नाई काका, मलेच पाह्यजे. पवनचक्कीवर चढाले.”

त्यांनी मान हलवली आणि लगेच कामाचे प्रश्न सुरू केले. वजन किती? शिडीला रेल आहे की वायर? वर औजारांची बॅग पाठीवर नेता की होइस्टने ओढता? हे प्रश्न ऐकूनच मी निश्चिंत झाले. टॉवरच्या आत शिडीच्या मधोमध वरपर्यंत एक रेल किंवा स्टीलची वायर गेलेली असते. तिच्यावर सरकणारा स्लायडर आपल्या हार्नेसच्या छातीवरच्या रिंगला अडकवायचा असतो. पाय सुटला की स्लायडर तिथल्या तिथे धरतो. पाठीवर एकच रिंग असलेला साधा बांधकामावरचा हार्नेस घेऊन गेलात, तर या स्लायडरला जोडायला जागाच नाही. स्वस्तात मिळतो म्हणून तो घेऊन आलेली पोरं मी साइटवर पाहिली आहेत. शिवाय स्लायडर रेलचा वेगळा, वायरचा वेगळा, तोही त्या कंपनीच्या रेलसाठी मंजूर असलेलाच लागतो. काकांनी सरळ सांगितलं की स्लायडर मी विकणार नाही, तो साइटवरूनच घे. विकता आला असता, विकला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

मग त्यांनी आतल्या दादाला हाक मारली. मागच्या गोडाऊनमध्ये छताच्या लोखंडी बीमला एक जाड हूक आहे आणि खाली लाकडी स्टूल.

“लटकून पाह्य आधी. पैशाची गोष्ट मंग करू.”

पहिला हार्नेस ‘सगळ्यांना बसतो’ म्हणून विकला जातो तो. उभी असताना ठीक वाटला. लटकल्यावर मात्र खांद्याचे पट्टे कानापर्यंत आले आणि पाठीची रिंग मानेशी जाऊन टेकली. ती दोन खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये राहायला हवी. दुसरा एस मापाचा, कमरेला आणि मांड्यांना पॅड असलेला. दादाने स्वतः हात लावला नाही. काय ओढायचं ते समोर उभं राहून सांगत गेला आणि पट्टे मीच ओढले. मुलगी म्हणून मला याचं फार बरं वाटलं. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात सरकला पाहिजे, पण मूठ शिरता कामा नये. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर, त्याहून वर नाही. मग स्टूल बाजूला केला. ओझं मांड्यांवर आणि बसायच्या भागावर आलं, गळा मोकळा राहिला, दोन्ही हात वर नेता आले. तशीच मला बराच वेळ लटकू दिलं, मधून मधून ‘पाय हलव’ म्हणत. कुठे टोचतं, कुठे मुंग्या येतात, हे पहिल्या मिनिटात कळत नाही.

पाय हलवायला का सांगतात तेही काकांनी समजावलं. पडल्यावर माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला तर पायांतलं रक्त वर परतत नाही, भोवळ येते, बेशुद्ध पडतो, आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून लटकलेल्या माणसाला लवकरात लवकर खाली आणावं लागतं. तोवर त्याला पाय टेकायला कापडी पट्ट्याचा फास मिळतो. त्या फासाची छोटीशी पिशवी हार्नेसच्या बाजूला लावून ठेवायची. मी ती त्यांच्याकडून घेतली. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं होतं, पण स्वतः हवेत असताना ऐकणं वेगळं.

दोन हुकांची लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडायची दोरी, तीही इथूनच घेतली. स्लायडरचा आधार आपण शिडीवर असेपर्यंतच. प्लॅटफॉर्मवर उतरताना किंवा नॅसेलच्या, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या मशीनच्या खोलीच्या, छतावर जाताना या दोन हुकांवरच भिस्त. एक सोडायच्या आधी दुसरा अडकलेला असलाच पाहिजे. लॅनयार्डवरच्या पाकिटात घडी घालून शिवलेला पट्टा असतो, म्हणजे एनर्जी ॲब्सॉर्बर. झटका बसला की शिवण उसवत जाते आणि अंगावर येणारा जोर 6 किलोन्यूटनच्या आत राहतो. पण उसवायला जागा लागते. 2 मीटरची लॅनयार्ड, उसवलेला पट्टा आणि आपली उंची धरली तर खाली सहा-साडेसहा मीटर मोकळे हवेत, हे काकांनी बिलाच्या मागे आकृती काढून दाखवलं. आणखी एक गोष्ट, जी साइटवरही पुष्कळ जण चुकवतात: रिकामा हूक हार्नेसच्या कुठल्याही लोखंडी रिंगला अडकवायचा नाही. तसं केलं तर ॲब्सॉर्बर नीट उघडतच नाही. त्यासाठी छातीशी वेगळा, ओढताच सुटणारा लूप दिलेला असतो.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात सांगते. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यांचंच घ्या; बांधकामावरचं साधं हेल्मेट वर पाहिलं की मागे सरकतं. हेडलॅम्प हेल्मेटवर पक्का बसतो का ते तिथेच पाहा, कारण सप्लाय बंद करून लॉक लावल्यावर टॉवरमध्ये काळोख होऊ शकतो आणि शिडीवर दोन्ही हात लागतात. नायट्राइलचे हातमोजे ग्रीस लागलं तरी पकड सोडत नाहीत, ते दोन जोड घ्या. इलेक्ट्रिकल रबरी हातमोजे मी मागितले तर काकांचा पहिला प्रश्न व्होल्टेजचा होता. आमच्या जनरेटरचं 690 व्होल्ट सांगितल्यावर म्हणाले, क्लास 0 लागेल, तो 1000 व्होल्टपर्यंतचा. पण टेस्टची तारीख असलेला कंपनीचाच वापर, माझ्याकडचा नको.

आता जे खटकलं ते.

दुकानाच्या दर्शनी भागात काही हार्नेस बाहेर टांगलेले असतात. नागपूरचा उन्हाळा त्यांच्यावर पडतो आणि केशरी पट्टे पार फिके झाले आहेत. पॉलिस्टरचा पट्टा उन्हाने कमजोर होतो. काका म्हणतात तो फक्त दाखवायचा माल आहे, विकत नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण गर्दीच्या दिवशी नवा नोकर तोच काढून देणार नाही याची खात्री कोण देणार? मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. तुम्ही सीलबंद पाकिटातलाच मागा, आणि लेबलवर उत्पादनाची तारीख, सिरियल नंबर, आयएस 3521 किंवा ईएन 361 हा हार्नेसच्या भारतीय किंवा युरोपीय मानकाचा नंबर, हे वाचता येतंय का ते पाहूनच पैसे द्या.

दुसरं, मुलींसाठी बूट नाहीत. पाच नंबरचा सेफ्टी बूट दुकानात नव्हताच. मागवून दिला, त्यात माझी अर्धी सुटी गेली, आणि आलेला बोटांवर स्टीलची टोपी असलेला, जड. टॉवर 120–140 मीटरचा असला की बुटाचं वजन प्रत्येक पायरीला जाणवतं. स्टीलऐवजी कॉम्पोझिटची टोपी असलेला हलका बूट लहान मापात ठेवा, अशी मी काकांना विनंती केली आहे. हातमोज्यांचंही तेच, लहान माप कोपऱ्यात कुठेतरी असतं, दादाला शोधायला लावावं लागतं.

किंमत कमी नाही. हार्नेस आणि लॅनयार्ड मिळून माझ्या पगाराचा जवळपास निम्मा भाग गेला. घासाघीस केली तर काका हेडलॅम्पवर, हातमोज्यांवर कमी करतात, हार्नेसवर करत नाहीत. जीएसटीचं पक्कं बिल न मागता देतात आणि त्यावर हार्नेसचा सिरियल नंबर हाताने लिहून देतात. याचा मला फार उपयोग झाला. साइटच्या रजिस्टरमध्ये तोच नंबर चढवला गेला, म्हणजे वर्षाच्या तपासणीत माझा हार्नेसही तपासला जातो. नंबर नसलेलं सामान आमचे इंजिनिअर गेटच्या आत येऊ देत नाहीत. बिल दाखवून मी ठेकेदाराकडे पैसेही मागितले. अर्धे मिळाले, उरलेल्यांसाठी पाठपुरावा सुरू आहे आणि मी तो सोडणार नाही. तुम्हीही मागा.

विकून झाल्यावर काकांनी सांगितलेलं मी अजून पाळते. चढण्याआधी प्रत्येक वेळी पट्टा बोटांमधून फिरवून कापलेलं, जळालेलं, उसवलेलं शोधायचं. साध्या साबणाने धुवायचा, सावलीत वाळवायचा. आणि एकदा त्याने कुणाला पडताना धरलं की तो दिसायला कितीही चांगला असो, वापरातून काढायचा.

पहिल्यांदा वर गेले तो हंगाम कमी वाऱ्याचा होता. पावसाळ्यात आमच्याकडे वारा जोराचा असतो, म्हणून मोठी मेंटेनन्सची कामं त्याच्या आधी उरकतात. शिडीवर दम लागला, मध्ये प्लॅटफॉर्मवर थांबले, प्रत्येक वेळी आधी हूक अडकवला, मगच स्लायडर सोडला. वर पोचल्यावर पायाखालचं झाकण बंद केलं आणि सीनियर दादांबरोबर यॉ बेअरिंगचं, म्हणजे ज्यावर नॅसेल वाऱ्याच्या दिशेला फिरतं त्या बेअरिंगचं, ग्रीसिंग केलं. त्या पूर्ण वेळात हार्नेसकडे एकदाही लक्ष गेलं नाही. मला त्याच्याकडून एवढंच हवं होतं.

जायचं कसं: मेट्रोच्या ॲक्वा लाइनने चितार ओळी चौक स्टेशनला उतरा आणि आत इतवारीत चालत जा, लोहा ओळी कुणीही दाखवेल. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. सकाळी जा, दुपारनंतर ठोकवाल्यांची गर्दी होते आणि गोडाऊन खोक्यांनी भरलेलं असतं, मग हुकाखाली उभं राहायला जागा नसते. मुलींनी सलवार न घालता साइटवरची पँट आणि बूट घालून जावं, म्हणजे मांडीचे पट्टे खऱ्या मापाने बसतात. एस मापाचे नग ते मोजकेच ठेवतात, त्यामुळे शिल्लक आहे का ते आधी विचारून घ्या.