पील पी५० की मेसरश्मिट केआर२००?

दोन्ही जुन्या, चिमुकल्या तीनचाकी कार, दोन्हीत दोन चाकं पुढे अन् एक मागे, पण डोकं लावलेलं दिसतं ते एकीतच.

पील पी५० ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९६२ ते ६५ मधे बनायची. लांबी जेमतेम १३७ सेंमी, एकच सीट, एकच दरवाजा, एकच हेडलाइट, ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. आणि रिव्हर्स गिअर नाहीच! मागे एक हँडल दिलंय, उतरायचं, गाडीचा मागचा भाग उचलायचा आणि हाताने वळवायची. वजन साठ किलोच्या आसपास त्यामुळे जमतं म्हणा, पण पावसात भर रस्त्यात हे करायचं म्हणजे? माझ्या मते हे सरळसरळ अर्धवट डिझाइन आहे.

मेसरश्मिट १९५५ ते ६४ ची, जर्मनीतली. दुसऱ्या महायुद्धानंतर या विमान कंपनीला विमानं बनवायला बंदी होती, मग फ्रिट्झ फेंड या इंजिनिअरची ही गाडी त्यांनी बनवायला घेतली. एकामागे एक सीट, वर विमानासारखं पारदर्शक छत जे बाजूला उघडतं, आणि गोल स्टिअरिंगच्या जागी हँडलबार. विचित्र तर हीपण आहे, उन्हात आत भट्टी होणार हे उघड आहे. पण रिव्हर्सची आयडिया बघा, इंजिन बंद करून उलटं चालू करायचं, मग चारही गिअर मागे जायला मिळतात! १९१ सीसीत ताशी ९० किमी जाते, सोबत माणूसही बसतो.

पील गोड दिसते, फोटोसाठी भारी. रोज चालवायला मात्र मी मेसरश्मिटच घेईन.